तळ्याखालची जमीन : आर्क्टिकची सरोवरे आणि वसईची बावखले

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी पश्चिम रेल्वे भाईंदर सोडून वसईची खाडी ओलांडू लागते, तेव्हा महामुंबईचा मूळ भूगोल काही मिनिटांपुरता उघडा पडतो. दोन पुलांच्या मधोमध पाणजूचे बेट, काठाने तिवरांची दाटी, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने आणि पलीकडच्या तीरावर नायगाव. स्थानकाच्या पूर्वेस जूचंद्र, राजावली, चंद्रपाडा या गावांभोवती मिठागरे आणि खाजणे. त्यांच्या पाठीशी तुंगारेश्वराचे डोंगर. पश्चिमेस उमेळ्यापासून वसई गावाकडे आणि तेथून समुद्राच्या कडेकडेने पार अर्नाळ्यापर्यंत गेलेला वाळूचा पट्टा, त्यावर केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, विहिरी आणि तळी. दक्षिणेस उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. या दोहोंमधील सखल प्रदेश पूर्वी सोपाऱ्याच्या खाडीने मुख्य भूमीपासून वेगळा काढलेला होता. जुन्या कागदपत्रांत वसईचा उल्लेख बेट म्हणून येतो तो याचमुळे, आणि शूर्पारकाचे प्राचीन बंदरही याच खाडीच्या आधाराने उभे राहिले होते.

अशा अर्ध्या जमिनीच्या, अर्ध्या पाण्याच्या प्रदेशाचे नाते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी जुळेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या काही दशकांत सायबेरिया, अलास्का आणि ग्रीनलंड येथील सरोवरांचा जो अभ्यास झाला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. तळे म्हणजे नुसता पाण्याने भरलेला खड्डा नव्हे. त्याच्या खालच्या आणि भोवतालच्या जमिनीने जे काही धरून ठेवलेले असते, त्याचा तो वरून दिसणारा भाग असतो. जमिनीची ती पकड सुटली की तळे बदलते, आणि तो बदल पुष्कळदा टप्प्याटप्प्याने न होता एकदम होतो. आर्क्टिकमध्ये ही पकड बर्फाची आहे. वसईत ती गोड्या पाण्याच्या एका पातळ थराची आहे. नायगाव-वसईच्या पाणथळीचे आज जे चालले आहे ते समजून घेण्यासाठी उत्तरेचा अनुभव म्हणूनच उपयोगी पडतो.

गोठलेल्या जमिनीवरचे पाणी

आर्क्टिक प्रदेशातील बऱ्याच मोठ्या भूभागाखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे बारमाही गोठलेली जमीन आहे. सलग दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सियसच्या वर न गेलेल्या जमिनीस हे नाव दिले जाते. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा सैल होतो; खालचा मात्र दगडासारखा घट्ट राहतो आणि पाणी झिरपू देत नाही. या प्रदेशात पाऊस वस्तुतः फारसा पडत नाही. कित्येक ठिकाणचे पर्जन्यमान आपल्याकडील दुष्काळी तालुक्यांहूनही कमी असते. तरीही विमानातून पाहिले असता तेथे लक्षावधी तळी चमकताना दिसतात, याचे कारण हा न झिरपू देणारा तळ.

१९७९ पासूनच्या नोंदी पाहता आर्क्टिकचे तापमान जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने वाढले, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढण्यात आला. समुद्रावरचे शुभ्र हिम वितळले की खालचे काळे पाणी उघडे पडते, ते अधिक ऊन शोषते आणि तापमान आणखी वाढते. या फेऱ्याचा परिणाम जमिनीवरही होतो. बर्फ मिसळलेली माती सैल होऊन खचते, खळग्यात पाणी साचते, ते पाणी भोवतालची जमीन आणखी उबवते आणि तळे वाढत जाते. म्हणजे तापमानवाढीच्या पहिल्या टप्प्यात तळी वाढतात. पुढे मात्र तळाखालचा गोठलेला थर आरपार विरघळतो, किंवा काठाची बर्फाची भिंत फुटते, आणि वर्षानुवर्षे साचलेले पाणी निघून जाते.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्याचा पुरावा २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पश्चिम सायबेरियातील सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशाची १९७३ ची आणि १९९७-९८ ची उपग्रह छायाचित्रे संशोधकांनी ताडून पाहिली. ४० हेक्टरांहून मोठी १० हजारांवर सरोवरे त्यांनी मोजली होती. पाव शतकात त्यांची संख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटली आणि १२५ सरोवरे तर पूर्णपणे नाहीशी झाली. त्याच प्रदेशाच्या उत्तरेकडील भागात, जेथे पर्माफ्रॉस्ट अद्याप सलग होता, सरोवरांचे क्षेत्र उलट सुमारे १२ टक्क्यांनी वाढले होते. कोणी एका ठिकाणी उभे राहून तळी वाढत असल्याचे पाहिले असते, तर त्याला पाणी मुबलक झाल्याचाच भास झाला असता.

याहून अलीकडचा अनुभव पश्चिम ग्रीनलंडचा. २०२२ च्या शरद ऋतूत तेथे विक्रमी उष्णता आणि विक्रमी पाऊस एकदमच आला. वातावरणातील बाष्पाचे लांबच लांब प्रवाह समुद्रावरून किनाऱ्यावर येऊन थडकले आणि जे पाणी त्या दिवसांत हिमरूपाने पडावयाचे, ते पावसाच्या रूपाने पडले. या पावसाने सैल झालेल्या जमिनीतून सेंद्रिय कर्ब, लोह आणि अन्य द्रव्ये धुऊन सरोवरांत आणली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ७,५०० हून अधिक निळी सरोवरे तपकिरी झाली. अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या जास्मिन सॅरोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी गढूळल्याने प्रकाश खोलवर जाईनासा झाला, सूक्ष्म वनस्पतींचे काम मंदावले आणि एरवी उन्हाळ्यात कर्बवायू शोषणारी ही सरोवरे तो हवेत सोडू लागली. असा बदल घडण्यास दशके लागतात अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. येथे तो वर्षाच्या आत घडला. पाऊस किती पडला याइतकेच तो कोणत्या महिन्यात पडला, हेही निर्णायक ठरले; मिठागरांचा विचार करताना हे पुन्हा आठवावे लागेल.

पर्माफ्रॉस्टमध्ये कोंडलेला सेंद्रिय कर्ब आज वातावरणात असलेल्या कर्बाच्या जवळपास दुप्पट आहे. तेव्हा तेथील सरोवरांचा रंग हा केवळ तेथील रहिवाशांचा प्रश्न राहत नाही. भारताने २००८ मध्ये स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ऑलेसुंड येथे, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उभारले ते याच जाणिवेतून. या केंद्राचा कारभार पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था आपल्या शेजारीच, गोव्यातील वास्को येथे आहे. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आर्क्टिकमधील कारा समुद्रावरचे उन्हाळी हिम कमी होणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असावा. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि शास्त्रज्ञांनीही तसा दावा केलेला नाही. परंतु ध्रुवावरचे हिम आणि कोकणातला परतीचा पाऊस एकाच वाक्यात यावेत, अशी स्थिती आज आली आहे.

बावखल आणि गोड्या पाण्याचे भिंग

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा ठाऊक नाही. गास, भुईगाव, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, वटार अशा पश्चिम पट्ट्यातील गावांत वाडीच्या कडेला पूर्वजांनी खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. देवळाजवळच्या बांधीव तळ्याहून ते वेगळे. निर्मळचे तळे किंवा सोपाऱ्याचे चक्रेश्वर तळे यांना धार्मिक महत्त्व आहे, नाव आहे, यात्रा आहे. बावखल मात्र निव्वळ कामाचे. ते पावसाळ्यात तुडुंब भरते आणि पुढील महिन्यांत बागायतीला पाणी पुरवते. पूर्वी त्यावर वा शेजारच्या विहिरीवर रहाट असे. बैल फिरत आणि पाटाने पाणी वाडीत जाई. वसईची केळी, पाकिस्तानपर्यंत जाणारी विड्याची पाने, फुले आणि मुंबईच्या मंडईत पहाटे पोचणारी भाजी या साऱ्याच्या मुळाशी हे पाणी होते. वाडवळ, सामवेदी, भंडारी, ईस्ट इंडियन अशा अनेक समाजांचा संसार त्यावर चालला. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही वसईची खासियत; तिलाही आधी बागेत वर्षभर ओल लागतेच.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चहूकडे खारे पाणी असताना, गोडे पाणी टिकते कसे? याचे उत्तर घनतेत आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही, तर त्यावर तरंगत राहते. मध्ये जाड, कडेला पातळ अशा त्याच्या आकारामुळे त्याला गोड्या पाण्याचे भिंग असे म्हणतात. बादोन घायबेन या डच अभियंत्याने १८८८ च्या सुमारास आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या भिंगाचे गणित मांडले. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जेवढी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. पातळी एक मीटर वर असेल तर खाली तत्त्वतः चाळीस मीटर. प्रत्यक्षात वसईत वाळू-शिंपल्यांच्या थराखाली चिकणमाती आणि काळा पाषाण लागत असल्याने हा आकडा जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. तत्त्व मात्र तेच राहते.

या गणिताची उलट बाजू भयावह आहे. पंपाने उपसून भूजलाची पातळी एक फूट खाली नेली, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर येण्याची प्रवृत्ती दाखवते. रहाटाला हे साधणे शक्य नव्हते. बैल थकत, दुपारी सोडले जात आणि विहिरीला श्वास घ्यायला सवड मिळे. विजेचा पंप थकत नाही, आणि टँकर तर विहिरीतले पाणी त्या जमिनीत परत मुरूच देत नाही. ते थेट दुसऱ्या वस्तीत नेतो. वाडीला दिलेल्या पाण्याचा काही भाग तरी पुन्हा झिरपून त्याच भिंगात जात असे. बांधकामाला किंवा इमारतीच्या टाकीला दिलेले पाणी गटारातून खाडीला जाते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत टँकरने चाललेल्या उपशाविरुद्ध जे आंदोलन उभे राहिले, त्याचे मर्म हे होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते याच सुमारास. उस्मानाबादच्या २०२० मधील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून अनेक वाचक त्यांना ओळखतात (२०२४ मध्ये त्यांचे निधन झाले). पण वसईकरांना ते प्रथम आठवतात ते पाणी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू म्हणून. १९९० मध्ये सिडकोची वसई-विरार परिसरासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेलेली होती. सूर्या प्रकल्पाच्या प्रादेशिक योजनेचे वाढीव पाणी शहराला मिळू लागले ते २०२३ च्या अखेरीस. मधल्या तीन दशकांत शहराची उरलेली तहान कोणी भागवली, याचे उत्तर विहिरी आणि कूपनलिका हेच आहे.

बावखलाचा या हिशेबातील वाटा दुहेरी आहे. पावसाळ्यात ते आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढून घेते, म्हणजे पुराचा जोर कमी करते. आणि पुढे तेच पाणी हळूहळू जमिनीत सोडून भिंगाची पातळी वर ठेवते. बावखल बुजवले की पहिल्या पावसाळ्यात अंगणात पाणी येते. दुसरा परिणाम दिसायला काही उन्हाळे जावे लागतात : शेजारच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागू लागते, मग केळीची पाने कडेने करपतात, मग मालक शेती सोडतो. शेती सुटली की जमिनीचा भाव फुटावर ठरू लागतो आणि पुढचे बावखल बुजवण्यास आणखी एक कारण मिळते. बहुतेक बावखले खासगी वा सामायिक मालकीची. भावंडांत वाटण्या झाल्या की पाण्याच्या खड्ड्याचा वाटा कोणालाच नको असतो. हे दोष देण्यासारखे नाही. ज्याच्या वाट्याला तो खड्डा येतो त्याला शेजाऱ्याची विहीर गोडी ठेवल्याबद्दल कोणी पैसा देत नाही.

काही गावांतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत बावखलांतील जलपर्णी आणि कचरा काढून ती पुन्हा वापरात आणली आहेत. अशा ठिकाणी फरक दिसतो. पण सायबेरियाच्या उदाहरणातला धोका येथेही आहे. गाळ काढलेले बावखल भरलेले दिसले म्हणून भिंग सुरक्षित आहे असे ठरत नाही. वरचे पाणी पावसाचे असते. खालची स्थिती विहिरीच्या तळाशी, उन्हाळ्याच्या अखेरीस, पाण्याचा खारटपणा मोजल्यावरच कळते.

येथे महाराष्ट्रातीलच आणखी एका तळ्याची आठवण होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत असे दिसले, की पाणी घटून क्षार वाढले आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव फोफावले. पाऊस आला, पाणी वाढले, रंग गेला. लोणारचा बदल परतणारा होता. ग्रीनलंडच्या सरोवरांचा परतेल की नाही हे ठरायचे आहे. आणि विरघळलेला पर्माफ्रॉस्ट माणसाच्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. वसईचे भिंग या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. खारे झालेले भूजल पुन्हा गोडे होऊ शकते, पण त्यासाठी उपसा थांबवून अनेक पावसाळे ते मुरू द्यावे लागते. खारे पाणी वर यायला एक उन्हाळाही पुरतो.

मिठागरे

खाडीकाठची मिठागरे ही याच व्यवस्थेची दुसरी बाजू. उधाणाचे पाणी बांधातील दारातून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवत उन्हा-वाऱ्यावर आटवायचे, आणि पुरेसे घट्ट झाले की शेवटच्या लहान वाफ्यांत त्याचे मीठ धरायचे, अशी ही साधी पण काटेकोर पद्धत आहे. थंडीच्या सुरुवातीला बांधबंदिस्ती, मग पाणी घेणे, आणि खरे उत्पादन मार्च ते मे. म्हणजे वर्षाची सारी कमाई पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन ठेपते. मीठ वाफ्यात असताना पावसाची एक मोठी सर आली तर महिन्याचे काम पाण्यात विरघळते.

हे वेळापत्रक आता बिघडते आहे. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्याजवळून गेले ते ऐन हंगामात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. ग्रीनलंडमध्ये हिमाच्या दिवसांत पाऊस पडला, येथे उन्हाच्या दिवसांत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वाढीव बाष्प हे त्याचे प्रमुख कारण. मिठाचा धंदा मोडकळीस येण्यास वाढता मजुरीखर्च आणि मिठाचा पडता भावही तितकेच कारणीभूत आहेत, हे खरे. पण हवामानाने त्यात शेवटचा धक्का दिला, तर तो धंदा पुन्हा उभा राहत नाही आणि मिठागराची रिकामी जमीन तेवढी शिल्लक राहते.

ही ‘रिकामी’ जमीन रिकामी नसते. पावसाळ्यात मीठ पिकत नाही तेव्हा मिठागर डोंगरावरून येणारे पाणी साठवते आणि ओहोटी लागली की खाडीत सोडते. तुंगारेश्वराचा उतार आणि खाडी यांच्यामध्ये पाण्याला थांबायला तेवढीच जागा आहे. जुलै २०१८ च्या पुराने हे सर्वांसमोर आणले. रेल्वेमार्ग पाण्याखाली जाऊन विरारकडील उपनगरी वाहतूक बंद पडली, वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि तिच्यातील प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. वसईच्या मिठागर वस्तीतील सुमारे चारशे लोक पाण्याने वेढले गेले. पुढे महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करवून घेतला. पावसाचे पाणी थोपवून धरणारे धारण तलाव करावेत अशी शिफारस त्यातून पुढे आली. सोप्या भाषेत सांगायचे तर बुजवलेली बावखले आणि भराव घातलेली खाजणे जे काम फुकट करीत होती, तेच काम करणारे तलाव आता खर्चून खणावेत असा त्याचा अर्थ होतो.

त्या पुराचे खापर हवामानबदलावर फोडणारे पुष्कळ होते. ते निम्मे खरे आहे. सायबेरियाच्या तळ्याभोवती कोणी इमारती उभारल्या नव्हत्या, खाडी बुजवली नव्हती. तेथे उष्णता हे एकच कारण पुरते. नायगाव-वसईत मात्र पाऊस वाढण्याआधीच पाण्याची जागा आकसली होती. हवामानबदल हा सोयीचा आरोपी आहे, कारण त्याला नोटीस बजावता येत नाही.

समुद्राची बाजूही येथे मोजली पाहिजे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या १८७८ पासूनच्या नोंदी या आशियातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहेत. विसाव्या शतकात तेथे समुद्राची पातळी वर्षाला सरासरी एक मिलिमीटरच्या थोडी वर अशी वाढत गेली. १९९३ नंतरच्या उपग्रह नोंदींनुसार जगातील महासागरांची सरासरी पातळी १० सेंटिमीटरने वर आली असून वाढीचा वेग दुप्पट झाला आहे. ग्रीनलंडचे वितळते हिम त्यात थेट भर घालते. साडेचार मीटरच्या भरतीपुढे १० सेंटिमीटर किरकोळ वाटतात. पण बांधावरून पाणी आत येते ते शेवटच्या काही सेंटिमीटरांमुळेच, आणि भिंगाच्या गणितात समुद्र जेवढा वर येईल तेवढी गोड्या पाण्याची उंची वजा होत जाते. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे पाण्याखाली असतात. त्या चार-पाच तासांत अतिवृष्टी झाली तर पाणी जाणार कोठे, हा प्रश्न पाणजूच्या बेटाला जेवढा लागू आहे तेवढाच नायगावच्या नव्या संकुलांनाही.

कायदा याकडे कसा पाहतो? तिवरांना संरक्षण मिळाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने ती पक्की केली. पाणथळीच्या बाबतीत चित्र निराळे आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांच्या व्याख्येतून भातशेती आणि नदीचे पात्र वगळलेले आहे. त्याचप्रमाणे पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी, मीठ उत्पादनासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलस्थानेही वगळलेली आहेत. मिठागर मिठासाठी बांधलेले. बावखल बागायतीच्या पाण्यासाठी खणलेले. दोन्ही माणसाने केलेली, दोन्ही उपयोगाची. आणि म्हणूनच व्याख्येबाहेरची. सायबेरियातील निर्मनुष्य तळे या नियमांखाली पाणथळ ठरले असते. वसईत काही पिढ्यांनी राखलेले तळे ठरत नाही.

मोजणीतही तेच होते. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टर हे क्षेत्र आधाराला घेतलेले आहे. या आकाराच्या पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून सीमा आखण्याचे काम तीन महिन्यांत पुरे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना बजावले. सव्वादोन हेक्टर म्हणजे सव्वादोनशे गुंठे. वाडीच्या कडेचे बावखल सहसा काही गुंठ्यांचेच असते. एवढ्या लहान पाणथळीला त्या नकाशासंग्रहात सीमा नसते. तिची नोंद केवळ ठिपक्याने होते.